शब्दवहीतला धाक

निवृत्तीनंतर मी काय केलं, असं कोणी विचारलं की मी जरा थांबतो. शेती केली म्हटलं तर लोक पुढे विचारत नाहीत. भाषांतर केलं म्हटलं तर कशाचं, हा प्रश्न येतोच. ख्रिस्ती शास्त्राचं, असं सांगितलं की समोरचा माझ्या कपाळाकडे बघतो, टिळा आहे की पुसला ते पाहायला. टिळा मी आधीही लावत नव्हतो, त्यामुळे त्याला काही कळत नाही.

आमचं घर भंडारा जिल्ह्यात, लाखनीजवळच्या एका गावातलं. तलावाखालची धानाची शेती, घरात गणपती-गौरी सगळं. मी तीस-बत्तीस वर्षं मराठीचा मास्तर होतो. शाळेत प्रमाण मराठी शिकवायची आणि घरी येऊन इकडच्या झाडीबोलीत बोलायचं, अशी दोन तोंडं घेऊन जगलो. निवृत्त झालो तेव्हा एका संस्थेला त्या शास्त्राचा जुना भाग झाडीबोलीत हवा होता. घरात बोली बोलणारा आणि कागदावर ती नीट उतरवू शकणारा माणूस ते शोधत होते. धर्म कोणता, हे त्यांनी विचारलं नाही. मीही विचारलं नाही की मलाच का.

महामार्गालगत टायरच्या दुकानावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. खाली चाकं ठोकण्याचा आवाज आणि वर आम्ही दोघं. दुसऱ्या म्हणजे एस्तेरबाई, नागपूरच्या निवृत्त प्राध्यापिका. पांढरे केस, सुती साडी, पायांत कायम मोजे. हिब्रू त्यांना येत होती, मला तिचं एक अक्षरही ओळखता येत नव्हतं. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "हिब्रू तुम्ही शिकायची नाही आणि झाडीबोली मी शिकायची नाही. मधला रस्ता तेवढा दोघांनी मिळून झाडायचा."

बाहेरच्यांना वाटतं की भाषांतर म्हणजे एका भाषेतलं उचलून दुसरीत ठेवणं. आमच्याकडे ते चार हातांनी व्हायचं. बाई ओळीचा अर्थ मराठीत उलगडून सांगायच्या. मी तो बोलीत लिहायचो. मग आम्ही गावात जायचो आणि ज्यानं हे कधीच ऐकलेलं नाही अशा माणसाला वाचून दाखवायचो. वाचून झालं की एकच प्रश्न विचारायचा, यातून तुम्हाला काय समजलं? तो जे सांगेल ते शब्दाला शब्द उतरवून घ्यायचं. त्याला दुरुस्त करायचं नाही, सुचवायचं नाही, मानसुद्धा हलवायची नाही. ते उतरवलेलं मी पुन्हा मराठीत करून बाईंना द्यायचो. आपण पाठवलं काय आणि पोचलं काय, हे त्यावरून त्यांना दिसायचं. एक नियम आणखी होता. घरच्या माणसाला ऐकवायचं नाही. त्यांना आपल्या बोलण्याची सवय झालेली असते, आपण न बोललेलंही ते समजून घेतात, असं बाई म्हणायच्या.

पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दांसाठी एक लांबडी वही होती, शब्दवही. डावीकडे हिब्रू शब्द देवनागरीत, उजवीकडे आम्ही ठरवलेला बोलीतला शब्द आणि खाली दोघांच्या सह्या. एकदा सही झाली की तो शब्द सगळीकडे तसाच. खोडायचा तर पुन्हा दोघांची सही.

त्या वहीत आमचा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो यिरआ या शब्दानं.

यिरआ म्हणजे भीती. इतकं सोपं असतं तर एका दुपारी काम संपलं असतं. बाईंनी मला तीन जागा दाखवल्या. पहिल्या जागी समुद्रात वादळ उठतं आणि नावाडी भितात. ते आम्हा दोघांनाही कळलं. दुसऱ्या जागी एक राजा दोन सुइणींना हुकूम देतो की राज्यातल्या एका परक्या जमातीच्या बायकांना मुलगा झाला तर जागच्या जागी मारा. त्या दोघी मारत नाहीत. का, तर त्या देवाला भितात. इथेही तोच शब्द. म्हणजे ही भीती अशी, की ती असली तर राजाची वाटत नाही. तिसऱ्या जागी आज्ञा आहे की प्रत्येकानं आपल्या आईला आणि बापाला भ्यावं. तोच शब्द, देवासाठीचाच.

"आणि गंमत बघा," बाई म्हणाल्या, "दुसरीकडे मायबापाचा मान राखा म्हणताना बाप आधी येतो. इथे भीतीच्या जागी आई आधी. जुन्या पंडितांनी याचं कारण दिलंय की लेकरू बापाला तसंही भितंच, त्याला सांगायची गरज नाही. आईचं सांगावं लागतं."

मी हसलो. आमच्याकडेही असंच आहे, असं जरा अभिमानानंच म्हणालो.

आमच्या बोलीत भीतीला भेव म्हणतात. पण भेव तर भुताचं, सापाचंही असतं. ते देवाला लावायला मन तयार होईना. आदर हा शब्द पुस्तकातला, बोलीत कोणी वापरत नाही. मान हलका वाटत होता, लग्नात पाहुण्यालाही मान देतात. मी म्हटलं, धाक. धाकात भीतीही आहे आणि आदरही आहे. गुरुजी वर्गात आले की वर्ग चूप होतो, तो धाक. त्यात मार असावाच लागतो असं नाही. मी क्वचितच हात उगारला होता. व्हरांड्यात माझ्या चपलांचा आवाज आला की आठवीचा वर्ग शांत व्हायचा आणि तीस वर्षं तो आवाज मला आवडत आला होता. हे बाईंना सांगितलं नाही, पण शब्द सुचला तो तिथूनच.

बाईंनी सही केली, पण पेन्सिलीनं. गावात जाऊन बघू, म्हणाल्या.

गावात जाण्यात एक घोटाळा होता, तो मला उशिरा कळला. रोवणीच्या आणि कापणीच्या दिवसांत कोणी बसत नाही, म्हणून आम्ही धान घरात आल्यावर निघायचो. आंधळगावला पहिला श्रोता मिळाला तो एक तांदळाचा व्यापारी, पन्नाशीचा, पोट सुटलेला. मी सुइणींची गोष्ट वाचायला घेतली तर तो गादीवरून उठून हात बांधून उभा राहिला. माझा विद्यार्थी होता. बस म्हटलं तर बसला, पण कडेला. गोष्ट संपल्यावर मी विचारलं, काय समजलं?

"सर्व समजलं, सर."

म्हटलं, काय ते सांग.

"तुमी जे वाचलं तेच, सर. बरोबर आहे." मग माझ्या वहीकडे बघून हळूच विचारलं, "चुकलं का जी?"

त्याची बायको आतल्या दारात उभी होती. ती म्हणाली, "आता तरी पास करा गुरुजी त्याईले. दहावीत दोनदा बसले."

आम्ही सगळे हसलो. पण त्या हिवाळ्यात सात-आठ गावं झाली आणि सगळीकडे हेच झालं. अर्धा तालुका माझ्या हाताखालून गेलेला. ज्याला मी शिकवलं नव्हतं, त्याच्या भावाला शिकवलं होतं. लोक सावरून बसायचे, बोलीत विचारलेल्या प्रश्नाचं शुद्ध मराठीत उत्तर द्यायचे आणि नंतर माझ्या चेहऱ्याकडे बघायचे. लोकांना काय कळलं हे शोधायला मास्तराला पाठवायचं, ही चूक आम्हीच करू शकत होतो. एका संध्याकाळी परतताना बाई गाडीत म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्यापुढे लोक उत्तर देतात. सांगत कोणी नाही."

हे वाक्य मी तेव्हा कामाबद्दलचं म्हणून घेतलं.

शेवटी आंधळगावातच भागरताबाई भेटल्या. वय ऐंशीच्या पुढे, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. दवाखाना जवळ नव्हता तेव्हा आसपासच्या तीन गावांची बाळंतपणं त्यांच्या हातून झाली होती. सुइणींची गोष्ट सुईणीलाच वाचून दाखवायची, ही कल्पना बाईंची. भागरताबाई अंगणात पाय पसरून लाखोळीची डाळ निवडत होत्या. मी कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नाही. मी वाचलं. माझ्या मसुद्यात होतं की त्या बायांना देवाचा धाक होता. काय समजलं, म्हणून विचारलं.

"धाक कायचा जी? धाक तं त्या राजाचा होता," त्या म्हणाल्या. "बायाईले भेव होतं."

मी मानही हलवली नाही. नियमच होता तसा.

"लेकराचं डोस्कं हाताशी आलं का माहा जीव भेवानं एवढासा होये. दरवेळी. शंभर झाले तरी होये. भेव असलं का हात हलका रायते. जिले भेव नाई तिचा हात जड पडते, मंग ते वढते लेकराले. मले एक दिवस भेव नाई वाटलं. त्या दिवसापासून मी गेलीच नाई कोणाच्या घरी." मग सूप झटकून म्हणाल्या, "राजा कुठं होता तिथं? राजा दूर बसला. लेकरू हातात होतं."

मी सगळं उतरवलं. शब्दन्‌शब्द उतरवला, एवढी हुशारी माझ्यात होती. आणि शेवटी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, विषयांतर.

एस्तेरबाईंनी तो कागद वाचला आणि मोजे घातलेले पाय जवळ घेऊन पुन्हा वाचला. मग माझा शेरा खोडला. म्हणाल्या, "गुरुजी, आयुष्यभर मी हा शब्द शिकवला. मला तो असा सांगता आला नाही."

मी मानलं नाही. एका म्हातारीच्या बोलण्यावरून शब्दवही बदलायची नसते, असं म्हटलं. बाईंनी भांडण केलं नाही. पेन्सिलीची सही तशीच राहिली. मी पुढची पानं धाक धरूनच लिहीत गेलो. तीन महिने असे गेले.

आता नरेशबद्दल लिहायचं आहे. हा लेख मी मागच्या दिवाळीलाही लिहायला घेतला होता, तेव्हा इथवर येऊन थांबलो होतो.

नरेश आमचा एकुलता एक. एकोणतीस वर्षांचा. खाणीच्या गावी, चिखल्याला, एका खाजगी वाहतूकदाराकडे होता. खाणीतून माल घेऊन जाणाऱ्या ट्रकांची नोंद ठेवण्याचं काम. तिथेच खोली घेऊन राहायचा आणि रविवारी घरी यायचा. त्याच्यासाठी मुली पाहणं चाललं होतं. शांत मुलगा. माझ्यासमोर कधी आवाज चढवून बोलला नाही. शेजारी म्हणायचे, गुरुजी, तुमचा पोरगा म्हणजे वळण. मी ते ऐकून घ्यायचो.

शेवटच्या रविवारी आम्ही दोघं बांधावरून तलावाकडे गेलो होतो. तो मागे पडत होता. मी वळून म्हटलं, वय काय तुझं आणि चाल काय तुझी. तो हसला आणि पाय उचलायला लागला. माझ्या बरोबरीनं आला. तेव्हा तो किती धापत होता, हे मी पाहिलं नाही. मी पुढे बघून चालत होतो.

मंगळवारी सकाळी चिखल्याच्या खोलीत बूट घालता घालता तो खाली बसला आणि उठला नाही. शेजारच्या खोलीतल्यांनी धावपळ केली. दवाखान्यात पोचण्याआधीच सगळं संपलं होतं. हृदय, असं सांगितलं. या वयात होतं का, असं मी विचारलं. होतं, म्हणाले.

त्यानंतरचे दिवस मी लिहिणार नाही. ते सगळ्यांच्या घरी सारखेच असतात.

दोन महिन्यांनी मी पुन्हा कामावर गेलो. एस्तेरबाई म्हणाल्या होत्या की घाई नाही, पण घरात बसवत नव्हतं. त्यांनी माझ्यासाठी सोपी पानं काढून ठेवली होती, वंशावळी, मोजमापं. मी ती केली. मग क्रमानं पुढे जाताना ती आज्ञा आली, मायबापाला भ्यावं ही. बाईंनी ते पान आपल्याकडे ओढून घेतलं होतं, मी ते परत मागून घेतलं. मसुदा लिहिला. हरेकानं आपल्या मायचा अन् बापाचा धाक बाळगावा. लिहून झालं आणि ती ओळ मला बरी वाटेना. काय चुकतंय ते कळेना. बाईंना विचारावं तर त्यांच्या चेहऱ्यावर आधीच काळजी होती. तो कागद घडी करून मी घरी आणला. असं मी आधी कधी केलं नव्हतं.

दुपारची वेळ होती. सुमन, माझी पत्नी, पडवीत तांदूळ निवडत होती. नरेश गेल्यापासून आमच्यात बोलणं कमी झालं होतं. भांडण काही नव्हतं. चहा झाला, जेवण झालं, दार लावलं, एवढंच उरलं होतं. मी तिच्यासमोर बसलो आणि म्हटलं, एक ओळ वाचतो, काय समजलं ते सांग. घरच्या माणसाला विचारायचं नाही हा नियम मोडतोय हे मला ठाऊक होतं. पण त्या गावात तेव्हा मला दुसरं कोणी नव्हतं.

मी वाचलं. तिनं निवडणं थांबवलं नाही. ताटाकडे बघतच म्हणाली,

"नरेशनं बाळगला होता."

सवयीनं माझा हात वहीवर गेला होता.

"वीस दिवस दुखत होतं त्याच्या छातीत. फोनवर मले सांगितलं. मी म्हटलं, बाबाले सांग. तो म्हणे, माय, सांगू नोको. ते पयले रागावतीन, मंग दवाखान्यात नेतीन." तिनं एक खडा उचलून बाजूला ठेवला. "रविवारी घरी आला तवाही म्हटलं. म्हणे, आज नाई, आज ते खुशीत हायेत. पुढल्या रविवारी मीच सांगतो."

पुढचा रविवार आला नाही.

मग ती म्हणाली, "अन् मीबी नाही सांगितलं. मलेही तुमचं भेव वाटलं."

माझ्या जिभेवर एक वाक्य आलं. काहून नाही सांगितलं? मी ते आमच्या घरात आयुष्यभर बोलत आलो होतो. कपबशी फुटली तरी तेच, ताप चढला तरी तेच. नरेशला लहानपणी कावीळ झाली तेव्हाही मी आधी हेच विचारलं होतं, पाच मिनिटं विचारत होतो, आणि मग त्याला सायकलवर बसवून दवाखान्यात नेलं होतं. मला वाटायचं की आपण प्रश्न विचारतो. घरातल्यांना ती शिक्षा वाटायची. शिक्षा चुकवायला ते आणखी उशिरा सांगायचे आणि मग मी आणखी चिडायचो. हे असं चाललं आहे, हे तीस वर्षं मुलांचे चेहरे वाचणाऱ्या मला एकदाही दिसलं नव्हतं.

ते वाक्य मी गिळलं. त्यात माझं मोठेपण नाही. गावोगाव लोकांसमोर बसून, ते काहीही बोलले तरी गप्प राहायची सवय लागली होती, तिनं ते गिळलं. पण दुसरीही एक सवय लागली होती. मी पेन उघडलं आणि तिचे शब्द उतरवायला लागलो.

"हेही लिहून राहिले का?" सुमननं विचारलं. रागानं नाही. खरंच विचारत होती.

मी वही मिटली आणि खाली ठेवली. मग तिच्यासमोरच्या ताटातले तांदूळ अर्धे माझ्याकडे ओढले आणि आम्ही दोघांनी ते निवडून संपवले. निवडता निवडता ती रडली आणि मीही रडलो. नरेश गेल्यावर आम्ही एका जागी बसून रडलो ते त्या दिवशी पहिल्यांदा. तोवर ती स्वयंपाकघरात रडत होती आणि मी शेतात.

दुसऱ्या दिवशी मी एस्तेरबाईंना सगळं सांगितलं. श्रोत्याचं उत्तर लिहायचा कागद मी कोराच ठेवला होता, तो तसाच त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी शब्दवही काढली. माझ्याकडे दिली नाही, स्वतःच उघडली आणि विचारलं, खोडू का? मी हो म्हटलं. त्यांनी धाक खोडला. दोघांनी सही केली, या वेळी शाईनं.

पुढे आम्ही ठरवलं की या एका शब्दाला एकच शब्द द्यायचा हट्ट सोडायचा. नावाड्यांच्या वादळात भेव ठेवलं. सुइणींच्या गोष्टीतही भेवच, आणि खाली टीप जोडली, ती भागरताबाईंच्या शब्दांत. टीप लिहून झाली तेव्हा वाचून दाखवायला त्या राहिल्या नव्हत्या. मायबापाच्या ओळीत काय घातलं ते विचारू नका. तो शब्द मी सुचवला नाही. ती ओळ घेऊन बाई एकट्याच दोन गावांत फिरल्या, बायांमध्ये बसल्या आणि जो शब्द आला तो त्यांनी घातला. मी त्या पानावर सही केली, पण वाचून नाही. छापून आलेलं पुस्तक कपाटात आहे. ते पान मी अजून उघडलेलं नाही.

माझी चूक भाषेची होती, असं मी काही दिवस स्वतःला सांगून पाहिलं. तसं असतं तर बरं झालं असतं. भाषेतली चूक खोडता येते. त्या शास्त्रातल्या भीतीबद्दल बाई शेवटी एवढंच म्हणाल्या होत्या की ती माणसाला जवळ आणते, पळवून लावत नाही. नरेश माझ्यापासून पळाला नाही, तो दर रविवारी घरी येत होता. पण छातीतलं दुखणं घेऊन तो माझ्या दोन पावलं मागे चालला आणि मला सांगू शकला नाही. त्याला माझ्याबद्दल जे वाटत होतं त्याला काय म्हणावं, हे मला कोणत्याच भाषेत ठरवता आलेलं नाही. आदर होता, असं लोक म्हणतात. असेलही. पण आदर असलेला मुलगा मरताना गप्प का राहतो, याचं उत्तर त्यांच्याकडे नाही.

काम संपलं. टायरच्या दुकानावरच्या खोल्यांत आता शिकवणी चालते. एस्तेरबाई नागपुरातच असतात, महिन्यातून एकदा फोन होतो.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळी चहाचा कप पुढे ठेवून सुमन उभी राहिली, गेली नाही. म्हणाली, "अवो, छातीत दाटल्यासारखं होऊन राहिलं. कालपासून."

मी उठलो, सदरा घातला. शेजारच्या मुलानं ऑटो आणला. भंडाऱ्यापर्यंतच्या रस्त्यात मी तिला काहीच विचारलं नाही, काल का नाही सांगितलं हे तर नाहीच. तिची शाल सारखी नीट करत होतो आणि ती पुन्हा घसरत होती. दवाखान्यात तपासलं, ईसीजीची पट्टी काढली, डॉक्टर म्हणाले पित्त आहे, घाबरण्यासारखं काही नाही. गोळ्या दिल्या.

परत येताना बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. कारधा गाव मागे पडल्यावर सुमन म्हणाली, "तुमी रस्ताभर काई बोल्ले नाई."

मी म्हटलं, "मले भेव वाटून राहिलं होतं."

"मले दिसलं," ती म्हणाली.

मग ती बाहेर बघायला लागली. दोन्ही बाजूंना धान कापलेली बांद्यांची रानं होती. लाखनी जवळ आली तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता नरेश असता, तं त्यानं सांगितलं असतं तुमाले."

सांगितलं असतं का, हे मला तिला विचारायचं होतं. विचारलं नाही. गोळ्यांची पिशवी तिच्या हातातून माझ्याकडे घेतली आणि थांबा आला तसे आम्ही उतरलो.